सुभेदारकाका, तुम्ही तो नंबर टिपून घेतलात

आदरणीय सुभेदारकाका,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण तुमच्या घरी येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. मागच्या वेळी आईने हात जोडले, तर तुम्ही काकींना हाक मारून चहा टाकायला सांगितलात आणि यंदा घेवडा कसा आलाय ते विचारत बसलात. आम्ही मायलेकी चहा पिऊन परत आलो. मनातलं मनातच राहिलं.

तुमचं नाव, गाव, पलटण यातलं काही लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे ठाऊक आहे. भावाचंही नाव लिहीत नाही, पण पत्र त्याला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "ताई, मी खोटं बोललो हे आधी लिही. मग काकांचं लिही." म्हणून आधी तेच लिहिते.

माझा धाकटा भाऊ बरेच दिवस स्वतःला पॅरा कमांडो म्हणवून घेत होता. प्रत्यक्षात तो साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. दिवसभर काउंटरच्या मागे बसून पिग्मीचे हिशोब जुळवतो. ज्यांच्याशी त्याचा रोजचा संबंध नव्हता, त्या सगळ्यांना तो सुट्टीवर आलेला जवान वाटत होता. त्याने डोक्याचे केस बारीक ठेवले होते. ऑनलाइन मागवलेला एक बिल्ला जॅकेटवर लावला होता. कुणी विचारलं की म्हणायचा, "पोस्टिंग सांगता येत नाही." त्याने कुणाकडून रुपया घेतला नाही, कुणाला नोकरी लावतो म्हणाला नाही. तरीही ते खोटं होतं, आणि साताऱ्यात तर फारच मोठं खोटं होतं. या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे. तिथून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, आणि आजही तिथे घरटी कुणी ना कुणी फौजेत असतो. इथे हे सोंग घेणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायला नको. मी फौजेतल्या हवालदाराची मुलगी आहे.

आता तो असा का झाला, तेही सांगते. तुम्ही त्याला हे कधी विचारलं नाहीत.

तो लहानपणापासून भित्रा. दिवे गेले की माझा हात धरायचा. शाळेत उभं राहून कविता म्हणायची वेळ आली की त्याचा आवाज घशातच अडकायचा. एका सरांना याची फार मजा वाटायची. ते त्याला मुद्दाम उभा करायचे आणि वर्ग हसून दमला की खाली बसवायचे. घरी आण्णा, म्हणजे आमचे वडील, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे तेव्हा चुलते सांगायचे, "वाघाच्या पोटी शेळी आलीया." आण्णा कधी काही बोलले नाहीत. पण त्यांनी ते थांबवलंही नाही.

मग भरती. साताऱ्यात मुलगा अठराचा झाला की वेगळं काही ठरवावं लागत नाही. एका अकॅडमीने वर्षाची फी आधी घेतली. पहाटे चारला उठवून डांबरी रस्त्यावर पळवलं. त्याचे गुडघे सुजले तेव्हा वसतिगृहाच्या खोलीतून त्याची पेटी बाहेर काढून ठेवली. तरी तो मेळाव्याला गेला. सोळाशे मीटरमध्ये त्याच्यासोबतची पोरं केव्हाच पुढे गेली होती. हा शेवटपर्यंत पळत राहिला, पण वेळेत पोहोचला नाही. पुढे वय निघून गेलं.

लग्नाचं वय झालं तेव्हा एका मध्यस्थ बाईंनी माझ्यासमोर त्याला सांगितलं, "तुमचं स्थळ चालत नाही. जरा वाढवून सांगत जा." त्याच सुमारास व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका वर्गाला तो गेला. तिथे त्याला आरशासमोर उभं करून शिकवलं की जे व्हायचंय ते आपण झालोच आहोत असं समजायचं आणि तसंच वागायचं. त्यांनी फी घेतली, प्रमाणपत्र दिलं. भित्र्या माणसाला ऐकून घेणारा एक माणूस लागतो, एवढी साधी गोष्ट त्या वर्गात कुणाला सुचली नाही.

ऐकून घेणारा माणूस त्याला भेटला तो पुण्याहून येणाऱ्या एसटीत. शेजारच्या गृहस्थांनी बारीक केस पाहून विचारलं, "फौजेत का?" हा नाही म्हणायच्या आत त्यांनी खिडकीची जागा दिली. शिरवळला गाडी थांबली तेव्हा चहा पाजला. खंबाटकी चढून वाईफाटा येईपर्यंत ते याच्याशी बोलत होते आणि हा बोलेल ते कान देऊन ऐकत होते. भावाने मला नंतर सांगितलं, "ताई, माझं बोलणं कुणी मध्ये न तोडता पहिल्यांदा ऐकलं." पुढचं सगळं त्या एका प्रवासातून आलं. एका माणसाला सांगितलेलं दुसऱ्याकडे गेलं, दुसऱ्याला तसंच सांगावं लागलं, आणि मग थांबायची जागाच उरली नाही.

हे सगळं ज्या दिवशी उघडं पडायचं होतं, त्या दिवशी तुम्ही मंडपात होतात.

माझ्या सासरच्या भावकीतला एक पोरगा अग्निवीर म्हणून भरती झाला होता. त्याचा सत्कार मारुतीच्या देवळापुढे मांडव घालून ठेवला होता. तुम्ही प्रमुख पाहुणे. पुढच्या रांगेत टोप्या-फेटे घातलेले पेन्शनीतले लोक. आमच्या नात्यातल्या एकाने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "आज आपल्यात एक कमांडो पण आहेत. ते दोन शब्द बोलतील." त्याने दुसऱ्या हातातला मोबाइल आधीच भावाकडे धरून ठेवला होता. या नातेवाइकाला खरं काय ते महिनाभर आधीच कळलं होतं. पतसंस्थेच्या काउंटरवर त्याने भावाला पाहिलं होतं. त्याने ते त्याला एकट्याला गाठून सांगितलं नाही, मला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. गावासमोर फजिती व्हावी म्हणून राखून ठेवलं. पुढे हे त्याने मला हसत हसत सांगितलं. त्याच्याशी माझा आता संबंध नाही.

भाऊ उभा राहिला. मी बायकांच्या बाजूला बसले होते, तिथूनही त्याचे हात दिसत होते. तुम्ही व्यासपीठावरून कौतुकानेच त्याच्याकडे पाहिलंत. तुमच्या मनात काही संशय नव्हता, हे मला चेहऱ्यावरून कळत होतं. एक फौजी दुसऱ्या फौजीला विचारतो तसंच तुम्ही विचारलंत, "शाब्बास पोरा. नंबर काय रं तुझा?"

पुढच्या रांगेतल्या प्रत्येकाला कळलं की तुम्ही फौजेत मिळतो तो सर्व्हिस नंबर विचारताय. फौजेतला माणूस पेन्शनीत जाऊन म्हातारा झाला तरी त्याचा नंबर जात नाही. आमचे आण्णा शेवटच्या दुखण्यात माणसं ओळखत नव्हते. पण सिस्टरने नाव विचारलं की आधी नंबर सांगायचे, मग हुद्दा, मग नाव.

आणि माझ्या भावाने घाबरून स्वतःचा मोबाइल नंबर सांगायला सुरुवात केली.

"अठ्ठ्याण्णव..." म्हणाला तो. मांडवात कुणीच हाललं नाही. पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याच्या हातात मोबाइल होता तो एक पाऊल पुढे आला. मी डोळे मिटून घेतले, कारण पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. कुणीतरी हसणार, मग सगळे हसणार, आणि हा पोरगा त्यानंतर घरी यायचा नाही. कुठे गेला असता, ते लिहायला हात धजत नाही.

हसू आलं नाही म्हणून मी डोळे उघडले. काका, तुम्ही कोटाच्या वरच्या खिशातून चष्मा काढत होतात. तो नीट पुसलात. डोळ्यांवर लावलात. मग बाजूच्या खिशातून तुमचा तो साधा बटणांचा मोबाइल काढलात आणि म्हणालात, "हां, सांग. हळू सांग, माझी बोटं जाड हाईत."

त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तुम्ही एकेक आकडा दाबत गेलात. मध्ये एकदा चुकलात आणि "थांब, पुसतो" म्हणालात. दहाच्या दहा आकडे झाल्यावर त्याला वाचून दाखवलेत आणि विचारलंत, "बरोबर का?" तो हो म्हणाला. "मिस कॉल देतो, बघ वाजतोय का." त्याच्या खिशात मोबाइल वाजला, सगळ्या मांडवाने ऐकला. "हां, आला. ठेव जपून." आणि मग तुम्ही माइक मागून घेतलात. "आज मान त्या पोराचा हाय, जो भरती झालाय. बाकीचं बोलणं पुन्हा कधीतरी." एवढं म्हणून माइक त्या नव्या अग्निवीराच्या हातात दिलात. त्या बिचाऱ्याला तर काही कळलंच नव्हतं. त्याने आईवडिलांचे आणि गावाचे आभार मानले, टाळ्या झाल्या, आणि माझा भाऊ खाली बसला होता.

मी हे फार वेळा मनात उगाळलंय. तुम्हाला त्या एका क्षणात सगळं कळलं होतं. त्याचा बिल्ला, त्याचं उभं राहणं, त्याचा नंबर. तुमच्या आयुष्याची सगळी नोकरी ज्या गोष्टीत गेली, तिचं सोंग घेऊन एक पोरगा तुमच्यासमोर उभा होता. तुम्ही चिडला असतात तर मी तुम्हाला दोष दिला नसता. पण तुम्ही आधी त्याचे हात पाहिलेत. आणि त्या मांडवात तुम्ही स्वतः एकही खोटा शब्द बोलला नाहीत. त्याला जवान म्हणाला नाहीत, त्याची पाठराखण केली नाहीत. फक्त नंबर टिपून घेतलात, जणू तुम्ही तोच विचारला होता. ज्याने मोबाइल धरला होता त्याच्याकडे काय राहिलं? एक म्हातारा माणूस चष्मा लावून नंबर टिपतोय, एवढंच.

पुढच्या रांगेतल्यांचेही आभार मानायचे आहेत. त्यांनाही कळलं होतं. जेवणाच्या पंगतीत त्यांच्यातल्या एकाने भावाच्या पानात स्वतःच्या हाताने बुंदी वाढली आणि एक शब्द बोलला नाही. तुमच्याकडे पाहून ते गप्प राहिले, असं मला वाटतं. मोठ्या माणसाने सभ्यपणा दाखवला की आजूबाजूचे चारजणही तसंच वागतात. पहिला हसला असता तर तेच चारजण हसले असते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुम्ही त्याच नंबरवर फोन केलात. तो झोपलेलाच नव्हता. तुम्ही कालचं काही काढलं नाहीत. म्हणालात, "अजिंक्यताऱ्यावर चाललोय. येतोस का सोबतीला? माझा गुडघा दुखतो, कुणी बरोबर असलं की बरं वाटतं."

वर काय बोलणं झालं ते सगळं त्याने मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही. जेवढं सांगितलं तेवढं लिहिते. मंगळाई देवीच्या देवळापर्यंत तुम्ही गप्प चालत होतात. वर गेल्यावर खाली सगळा सातारा दिसायला लागला तेव्हा तुम्ही त्याला बसवलंत आणि चढ्या आवाजात न बोलता सांगितलंत की हा गुन्हा आहे. फसवायच्या हेतूने फौजेचा पोशाख किंवा खूण अंगावर मिरवली तर कायदा शिक्षा करतो, आणि तो कायदा बरोबर आहे. मग तुम्ही त्याला कर्नल संतोष महाडिक यांचं सांगितलंत. आपल्याच तालुक्यातल्या पोगरवाडीचे. २१ पॅरा स्पेशल फोर्सेसचे, म्हणजे खरे पॅरा कमांडो. १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन लेकरं पदरात असताना परीक्षा देऊन, चेन्नईला ट्रेनिंग करून २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. "त्या बिल्ल्याची किंमत ही हाय बाळा," तुम्ही म्हणालात. "तू ती भरली न्हाईस. मी सव्वीस वर्षं नोकरी केली, तो बिल्ला मलाबी न्हाई. म्हणून मी तो लावत न्हाई."

त्याने तो काढून तुमच्या हातात दिला. कुठे टाकू, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, "टाकायची वस्तू न्हाई ती. माझ्याजवळ राहू दे."

आणि मग, काका, तुम्ही त्याला सांगितलंत की पहिल्या पोस्टिंगला रात्री पहाऱ्यावर उभे राहिलात तेव्हा तुमचे पाय लटलटत होते. कुणाला सांगायची लाज वाटायची, म्हणून रायफल घट्ट धरून उभे राहायचात. एवढ्या वर्षांत माझ्या भावाला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं की मलाही भीती वाटते. आण्णांनी नाही, चुलत्यांनी नाही, पळवणाऱ्या अकॅडमीने नाही, आरशासमोर उभं करणाऱ्यांनी तर नाहीच. प्रत्येकाने त्याला एवढंच सांगितलं की तुझी भीती लपव. तो लपवायला शिकला, आणि कुठवर गेला ते तुम्ही पाहिलंत.

ज्या घरी त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, तिथे तो स्वतः जाऊन सगळं सांगून आला. मुलीचे वडील खूप बोलले. त्यांचं बोलणं खरं होतं. स्थळ मोडलं. ते मोडायलाच हवं होतं, त्या मुलीचा त्यात काय दोष? बाकीच्यांनाही त्याने एकेकाला गाठून सांगितलं. काहींनी फोन उचलणं बंद केलं. एसटीतल्या त्या गृहस्थांचा मात्र पत्ता नाही, त्यांना सांगायचं राहून गेलं, हे त्याला अजून लागतं.

तुम्ही त्याला तिथे सोडून दिला नाहीत. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे माजी सैनिकांची बैठक होती, तेव्हा त्याला बोलावलंत आणि सगळ्यांसमोर ओळख करून दिलीत, "हा पतसंस्थेत क्लार्क हाय. हिशोब चोख. कंप्युटर येतो." एवढंच. त्याची खरी ओळख कुणीतरी चारचौघांत मानाने सांगितली, ती अशी पहिल्यांदा. त्या बैठकीत सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी होत्या, त्यांचा मुलगा फौजेत असताना गेलेला. पेन्शन 'स्पर्श' या फौजेच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर गेल्यापासून त्यांना काही कळेनासं झालं होतं. हयातीचा दाखला भरायचा राहिला आणि पेन्शन थांबलं. बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत म्हणून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवलं जात होतं. एका कार्यालयात तर त्यांना उभ्याउभ्याच सांगितलं होतं, "आजी, कुणीतरी शिकलेलं घेऊन या." भावाने त्यांची सगळी कागदं गुडघ्यावर घेऊन बघितली. मुलाच्या रेकॉर्डमध्ये आणि आधारमध्ये त्यांचं नाव वेगवेगळं लिहिलं गेलं होतं. खेटे पुष्कळ झाले, पण पेन्शन सुरू झालं. मागचं थकलेलंही मिळालं.

आता दर रविवारी सकाळी तो तुमच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसतो. लांबलांबच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं येतात. काही जण कापडी पिशवीत डिस्चार्ज बुक गुंडाळून आणतात, इतकी जपलेली की पानं उलटताना तो हात धुऊन घेतो. त्यांच्यासमोर तो अजूनही हळूच बोलतो. नवीन माणूस आला की अजूनही आधी खाली बघतो. भित्रा होता, तसाच आहे. पण त्या मावशी त्याला "माझा सायेब" म्हणतात, आणि तो लाजून म्हणतो, "मावशी, साहेब नाही, क्लार्क आहे मी." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती देवापुढे जाऊन बराच वेळ बसली.

तुम्ही त्याला दम देऊन पोलिसांकडे नेऊ शकला असतात. मांडवात दोन थोबाडीत दिल्या असत्यात तरी गाव तुमच्याच बाजूने उभं राहिलं असतं. त्याने तो सुधारला असता का, मला माहीत नाही. लोक म्हणतात, अशांना अद्दल घडवल्याशिवाय कळत नाही. माझ्या भावाला लहानपणापासून अद्दलच घडवत आले होते सगळे. तुम्ही त्याची लाज राखलीत, आणि लाज शिल्लक होती म्हणून तर तो खरं सांगायला प्रत्येकाच्या दारात उभा राहू शकला. ज्याची लाज गेली असं माणूस दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही, ते लपतं.

तुमच्यासारखी माणसं आपल्याकडे आहेत. ती कुठे बोलत नाहीत, त्यांचे फोटो छापून येत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. कुणाचं चुकलेलं दिसलं की लगेच मोबाइल वर धरणारेच सगळीकडे आहेत असं वाटायला लागतं. मला तसं वाटत नाही, कारण मी त्या मांडवात होते.

आता एक शेवटचं, आणि इथे तुमचं काही ऐकणार नाही. काकींनी मला सांगितलंय की गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्हाला पुण्याला कमांड हॉस्पिटलला जायचंय आणि तुम्ही एकटेच एसटीने जायचं ठरवलंय. भावाने रजेचा अर्ज दिलाय, तो मंजूरही झालाय. गाडी माझे यजमान चालवतील. वॉर्डात रात्री थांबायला भाऊ थांबेल, काकींनी घरी राहायचं. तुमची ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची कागदं, रेफरलचं पत्र, एक्स-रे सगळं त्याने फाइलला लावून ठेवलंय. सोमवारी पहाटे पाचला आम्ही दारात येतो. तुम्ही फक्त तयार राहा.

तुमची,
हवालदाराची लेक
सातारा